मुलाण्याचा हात

आमच्या कब्रस्तानाला कुलूप लागलं तेव्हा सरपंच विजयसिंह पाटील म्हणाला, "लालाभाई, गावाचा ठराव हाय, माझा न्हाई." ठराव त्यानंच वाचून दाखवला होता. पंधरा दिवसांनी माझी आई गेली. टेम्पोत घालून तिला नेकनूरला नेलं, परक्या मातीत ठेवलं. गावातलं कुणी आलं नाही. तेव्हापासून मी दबा धरून होतो.

वैशाखात विजयसिंह हाती लागला. त्याला नातू झाला, आणि त्याच्या आईनं, गीताबाईनं, पिराला बोललेली कंदुरी करायची ठरली. कंदुरीचा बोकड गावच्या मुलाण्यानंच कापायचा, नाहीतर नवस फिटत नाही. दुसऱ्या गावचा मुलाणी आमच्या शिवेत सुरी काढत नाही. गावचे मुलाणी म्हणजे आम्ही.

निरोप आला तसा मी म्हणालो, "ठरावालाच सुरी धरायला सांगा." लई बरं वाटलं.

पण अब्बा उठले. ऐंशीचे, दम्यानं बेजार. आई गेल्यापासून एकच घोकत होते, मला नेकनूरला टाकू नका. "पिराचं काम हाय," म्हणाले आणि सुरी घेऊन निघाले. मी चरफडत मागोमाग गेलो. अपमान गिळायची या घराला खोडच आहे.

मांडवात चारशे माणूस. चुली पेटलेल्या, मसाला वाटून तयार. बीडहून आलेल्या पुढाऱ्यांपुढे विजयसिंह वाकून वाकून हात जोडत होता. पोरांनी पहिला बोकड पाडला. अब्बा गुडघ्यावर बसले आणि थांबले.

"पाटील, म्या मेल्यावर माझी जागा कंची?"

विजयसिंह लगबगीनं पुढं आला.

"चाचा, आत्ता कावून ते?"

"आत्ताच. कब्रस्तानाची चावी कुनापाशी हाय?"

"दे की रं त्यांला चावी," गीताबाई म्हणाली.

विजयसिंहानं पुढाऱ्यांकडं बघितलं. ते रचून ठेवलेल्या पत्रावळींकडं बघत होते. "उद्या बसून बघू, चाचा."

अब्बांनी सुरी फडक्यात गुंडाळली. "मंग बोकडबी उद्या."

चारशे माणसं उपाशी उठली. गीताबाई तोंडाला पदर लावून रडत होती. बाई वाईट नाही, आईशी तिचं चांगलं होतं. तरी मला तिची कीव आली नाही. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अब्बांना दम लागला होता. पाठीला उशी देऊन बसवलं आणि बजावलं, "अब्बा, चावी येईस्तोवर मरायचं न्हाई."