न तुटलेली पट्टी

“भेगेवर गिप्सचं प्लास्टर लावलंत की लगेच फोटो काढा, आणि तो फोटो ब्युरोत ठेवू नका. घरी ठेवा.”

कुंत्ससाहेब क्रांतीला हे पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. चाळीस वर्षं जुन्या किल्ल्यांच्या भिंती सांधलेला गवंडी, शब्द मोजून बोलणारा. क्रांतीने ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत मान डोलावली आणि सोडून दिलं. ह्या जर्मन लोकांना जेवल्याचाही पुरावा लागतो, असं तिने घरी नवऱ्याला, देवानंदला, हसून सांगितलं. तिला कशाला हवा होता पुरावा? ब्युरोत यामिनीताई होती.

यामिनीताई नागपूरची, क्रांतीहून दहा वर्षांनी मोठी, जुन्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या ब्युरोत कामाला. दोघींची ओळख फ्रँकफुर्टला, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात झाली. क्रांती तेव्हा आर्किटेक्चरची पदवी सुटकेसच्या तळाशी ठेवून र्युसेल्सहाइमच्या दोन खोल्यांत लहानग्या मुलीला, मैत्रीला, वाढवत होती. वंदना झाली, जेवणं झाली, आणि ताटं धुता धुता ताईने विचारलं, “डिग्री काय लोणच्यासारखी मुरत घातलीस?” दोन महिन्यांत क्रांतीला अर्ध्या दिवसाची नोकरी मिळाली. मैत्रीला मावशी मिळाली. नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांपलीकडे क्रांतीला त्या देशात मिळालेलं पहिलं माणूस म्हणजे यामिनीताई.

काम होतं गावावरच्या टेकडीवरच्या किल्ल्याचं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. किल्ल्याच्या मुख्य इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मोठा हॉल होता. तो २००६च्या उन्हाळ्यात लोकांसाठी उघडायचा होता, आणि त्याआधी तो कधी बांधला, कुणी काय बदललं, हे सगळं लिहून काढायचं होतं. क्रांती सकाळी मैत्रीला किटात, म्हणजे बालवाडीत, सोडायची आणि दुपारपर्यंत भिंती वाचायची. वाचायचीच म्हणायला हवं. कुठल्या दगडावर कुठल्या छिन्नीचे घाव आहेत, कुठे दरवाजा बुजवलाय, कुठे चुन्याचा रंग बदलतो. तुळयांमधून काडीएवढे नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवले, तेव्हा उत्तर आलं की ही ओकची झाडं १२३१च्या हिवाळ्यात तोडलेली. क्रांतीने त्या दिवशी मुलीला झोपवताना तिला राजाराणीऐवजी ती झाडंच सांगितली. मैत्री सगळं मराठीत ऐकायची आणि जर्मनमध्ये शंका विचारायची.

हॉलची गोष्ट तशी सोपी होती. बांधला तेव्हा मधोमध एक दगडी खांब होता आणि त्यावर एक अजस्र तुळई. सगळं छत त्या तुळईवर. साडेतीनशे वर्षांनी कुठल्याशा सरदाराला नाचायला मोकळी जागा हवी झाली. त्याने खांब काढला आणि तुळई वरच्या छपराच्या सांगाड्याला एका लटकत्या लाकडी खांबाने आणि लोखंडी पट्ट्यांनी टांगून घेतली. पुढे नाचणारे गेले, हॉलचं धान्याचं कोठार झालं, आणि तुळईखाली एक विटांची आडभिंत आली. मग १८९०च्या सुमारास छप्पर नवीन केलं. सुतारांनी बघितलं, खाली भिंत आहेच, मग वरून टांगायचं कशाला? त्यांनी तो लटकता खांब करवतीने कापून टाकला. तुळईच्या वर वीतभर उरलेलं त्याचं थोटूक क्रांतीला माळ्यावर, कबुतरांच्या विष्ठेखाली सापडलं.

आणि २००५ साली, क्रांती यायच्या आधी, ती विटांची भिंतही काढली होती. कुरूप, नंतरची, मूळ हॉल झाकणारी म्हणून. काढायला हरकत नाही, असं लिहिणाऱ्या कागदावर सही यामिनीताईची होती.

थोटूक सापडलं त्या दिवशी क्रांती धावतच खाली आली. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. “आल्झो, हे बघ, घाबरू नको. आपण भेगेवर लक्ष ठेवू.” तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं, तिथे केसाएवढी भेग होती. ताईनेच तिला शिकवलं: रंग पूर्ण खरवडायचा, दगड उघडा करायचा, मग भेगेवर आडवी गिप्सची पातळ पट्टी लावून तारीख घालायची. भिंत हलली तर पट्टी आधी तुटते. “रंगावर कधी लावायची नाही. रंग सुटतो, पट्टी तशीच राहते, आणि आपण फसतो.”

क्रांतीने मार्चमध्ये तशी पट्टी लावली आणि दर शुक्रवारी ती बघायची. मे महिन्यात मैत्रीला कांजण्या आल्या. अंगभर पुरळ, ताप, खाज. पोर रात्रंदिवस मांडीवर. तीन आठवडे क्रांती घराबाहेर पडली नाही. ताई वरणभात घेऊन आली, मैत्रीच्या पाठीवर लोशन लावून गेली. जाताना म्हणाली, “पट्टीचं मी बघते. वही दे माझ्याकडे.” क्रांतीने वही दिली. वर डोळे भरून आले ते वेगळंच.

ती परत गेली तेव्हा रिपोर्ट तयार होता. भेग स्थिर, हॉल उघडायला हरकत नाही, निरीक्षण क्रांती मेश्राम. ताई म्हणाली, घाई आहे, सही कर. क्रांतीने केली. आईच्या हातचं जेवताना कुणी मीठ तपासत नाही.

उद्घाटन रविवारी होतं. पहिल्या रांगेत किटाची वीस मुलं बसून गाणं म्हणणार होती. त्यात मैत्री होती. तिने सोनेरी कागदाचा मुकुटही करून ठेवला होता. गुरुवारी दुपारी क्रांती मुलांच्या खुर्च्या कुठे लावतात ते बघायला म्हणून हॉलमध्ये गेली. आईची नजर, खुर्च्या बघितल्या आणि आपोआप वर गेली. तुळईखालीच होत्या. मग ती शिडीवर चढली.

पट्टी जागच्या जागी होती, पांढरी, सलग, वर मार्चची तारीख. पण पट्टीच्या वर आणि खाली भेगेत आता तिचं नख जात होतं.

भेग रुंदावली आणि पट्टी तुटली नाही, असं होत नाही. क्रांतीच्या हाताला विचार करायला वेळच मिळाला नाही. तिने पट्टीच्या कडेला नख घातलं आणि पट्टी पापडासारखी अख्खी निघून आली. मागे चुन्याच्या रंगाचा थर चिकटलेला. जुन्या पट्टीसाठी खरवडलेला दगड दोन बोटं खाली उघडा पडला होता. ही पट्टी रंगावर लावलेली होती. तारीख तिच्या अक्षरात होती, पण ती तिने घातली नव्हती.

“काढलीस?” खालून ताईचा आवाज आला.

क्रांती पट्टी हातात घेऊन उतरली. “जुनी कधी तुटली, ताई?”

“हळू बोल. बाहेर माणसं आहेत.” ताईने दार लोटलं. “मैत्रीला ताप होता त्या आठवड्यात. तू आधीच रडत होतीस, तुला काय सांगायचं?”

“आणि माझं अक्षर कशाला काढलंस?”

ताई जे बोलली, ते इतक्या सरळ आवाजात की क्रांतीला आधी कळलंच नाही. “भिंत काढायच्या कागदावर माझी सही आहे. पट्टीवर पण माझंच नाव असतं तर मी संपले असते. माझा व्हिसा ह्या नोकरीवर आहे, क्रांती. तुझ्यामागे देवानंद आहे.”

“इथे मुलं बसणार आहेत. मैत्री बसणार आहे.”

“आठशे वर्षं उभा आहे हॉल. एका रविवारी पडत नाही.”

“आठशे वर्षं त्याला कुणीतरी टेकू दिला होता. शेवटचा तू काढलास.”

“आणि पट्टी तू काढलीस,” ताई म्हणाली. “आता दाखव कुणाला काय दाखवायचं ते.”

खरंच होतं. भिंतीवर काही उरलं नव्हतं. फोटो नव्हता, वही ताईकडे होती, रिपोर्टवर सही तिची. घरी देवानंदने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “मैत्रीला रविवारी आजारी पाडायची का?” क्रांती म्हणाली, “बाकीच्या एकोणीस जणांना कोण आजारी पाडणार?”

शुक्रवारी सकाळी आठला ती गावाच्या बाउआम्टच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या, दारात उभी होती. तिथल्या बाईला तिने सांगितलं, की रिपोर्टवर माझी सही आहे आणि रिपोर्ट चूक आहे. पट्टीचं बोलत बसली नाही. थेट माळ्यावर नेलं आणि कापलेलं थोटूक दाखवलं. इथून तुळई टांगलेली होती. हे कापलं कारण खाली भिंत होती. आता ती भिंतही नाही. त्या बाईने टॉर्च धरून एकदा वर पाहिलं, एकदा खाली, आणि म्हणाली, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. दुपारी हॉलला कुलूप लागलं.

संध्याकाळी बैठक झाली. असा रिपोर्ट झालाच कसा, असं त्या बाईने विचारलं. ताईने अतिशय शुद्ध, नम्र जर्मनमध्ये सांगितलं, की फ्राउ मेश्राम यांची मुलगी आजारी होती, आईचं मन, समजू शकतो. आमचीच चूक, आम्ही त्यांच्यावर जास्त विश्वास टाकला. मुलगी आजारी होती हे खरं होतं, म्हणून पुढचंही सगळ्यांना खरं वाटलं. क्रांती बोलली, पण पट्टी कुणी लावली ह्याला पुरावा काय, असं विचारलं गेलं, आणि पट्टीवर अक्षर तिचंच होतं. ताईने पूर्ण वेळ तिच्याकडे पाहिलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, हे क्रांतीला त्या खोलीत समजलं. मैत्रीच्या पाठीवरून फिरलेले हात टेबलावर शांत ठेवलेले होते, आणि ती फक्त त्या हातांकडे बघत राहिली.

रविवारी मुलांनी किल्ल्याच्या अंगणात गाणं म्हटलं. पुढच्या आठवड्यात तुळईखाली लोखंडी टेकू लागले. क्रांतीचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपलं. पुढच्या चौदा एप्रिलला ती फ्रँकफुर्टला गेली, तेव्हा दोन बायका तिच्याकडे बघून बोलायच्या थांबल्या. ताईची गोष्ट तिच्याआधी पोचली होती. मैत्री ‘मावशी, मावशी’ करत धावली आणि ताईने तिला उचलून घेतलं. क्रांतीला त्या वेळी काही करता आलं नाही, हे तिला अजून खुपतं.

आता दोन वर्षं झाली. ब्युरोत क्रांतीच्या जागी आता पुण्याची एक मुलगी बसते, उल्का. एकटी आलेली, तेवीस-चोवीसची. तिला राहायला खोली ताईने शोधून दिली, डबा ताई देते. नवीन किल्ला आहे, नवीन हॉल, आणि म्हणे वही तिच्या नावाने चालते. क्रांतीने तिला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. फोन केला, तेव्हा ती फार आदराने म्हणाली, “ताईंनी मला तुमच्याबद्दल सांगितलंय,” आणि ठेवून दिला.

म्हणून ही गोष्ट. तुमच्यापैकी कुणी फ्रँकफुर्ट, माइन्त्स, र्युसेल्सहाइमकडे राहत असेल, तर त्या मुलीला एकदा भेटा. क्रांतीचं नाव काढू नका, नाव ऐकलं की ती उठून जाईल. शनिवारी ती एकटीच असते म्हणे. घरी जेवायला बोलवा, पोटभर वाढा, आणि कशावर सही करतेस, कोण करायला सांगतं, हे सहज बोलता बोलता विचारून घ्या. आणि ती बरी आहे का, ते नीट बघा.