जित्या आईचं थडगं

ओफा स्टिडहम मेली ती गाण्यात. तिच्या परवानगीनं मेली, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक उगाच पोराला दोष देतील. आणि पोराला दोष द्यायला पुढं भरपूर जागा आहे.

पोरगा डेल्मर गिटार पाठीला लावून केंटकीच्या डोंगरातून नॅशव्हिलला गेला. तिथं त्यानं ट्रकवर गाणं केलं, दारूवर केलं, पळून गेलेल्या बायकोवर केलं. बायको नव्हतीच, तरी केलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग गाण्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतला एक जण म्हणाला, "आई मेल्याचं काही आहे का?" डेल्मरनं त्याच दुपारी घरी फोन लावला.

"आई, एका गाण्यात तुला मारतोय. चालेल ना?"

"पोट भरणार असेल तर मार बाबा," ओफा म्हणाली. "फक्त अंथरुणात सडवू नकोस. पटकन मार."

गाणं असं काही चाललं की विचारता सोय नाही. ट्रकवाले रडले, न्हावी रडले, ज्यांनी स्वतःच्या आईला कधी पाणी विचारलं नाही ते तर ढसाढसा रडले. मग रेडिओवर कुणीतरी विचारलं, "हे खरं घडलंय का हो?" तिथंच माशी शिंकली. डेल्मर म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो." एकदा बोलून बसला, आता मागं कसा फिरणार? दर मुलाखतीला आईचं मरण वाढत गेलं. आधी बर्फ आला, मग पोराचे अनवाणी पाय आले, मग पाण्याचा शेवटचा घोट आला. वीस वर्षं तिसऱ्या कडव्याच्या त्याच ओळीला त्याच डोळ्यातून पाणी!

इकडं आमच्या डोंगराच्या घळीतल्या वस्तीला तर आयतंच सापडलं. शेजारीण लोव्हाडा रोज सकाळी कुंपणावरून हाक मारायची, "काय गं मेलेले, उठलीस का?"

"उठले गं. तुला पोचवल्याशिवाय मी कुठली जाते!"

हसायची ओफा, पण आत खुपायचं. पोरगा नाताळला यायचा तोही चोरासारखा, गाडी मागच्या दाराला लावून. त्यानं एकदा, फक्त एकदा, चार माणसांसमोर 'ही माझी आई' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं ते कधी तोंडानं मागितलं नाही, कारण मागून मिळालं तर त्यात काय राम?

मे महिन्यात त्याचा फोन आला. टीव्हीवाले त्याच्यावर फिल्म करत होते. शेवटच्या रविवारी, कबरी सजवायच्या दिवशी, तो आईच्या थडग्यापाशी बसून गाणार होता. "तर आई, त्या दिवशी तू वर कब्रस्तानात येऊ नकोस."

"कुठल्या थडग्यापाशी रे?"

"तुझ्याच की. बाबांच्या शेजारच्या."

थडगं होतं, ते काही खोटं नाही. आमच्याकडे नवरा गेला की दोघांच्या नावाचा एकच दगड उभा करतात. बायकोचं नाव आणि जन्माचं साल कोरतात, पुढची जागा कोरी. ओफा दरवर्षी नवऱ्याच्या बाजूला फुलं ठेवायची आणि आपल्या बाजूचं गवत उपटायची.

"मी माझ्या नवऱ्याला फुलं घालायला येणार," ओफा म्हणाली, "आणि केकही आणणार." तिनं फोन आपटला.

रविवारी कब्रस्तानाच्या टेकडीवर नेहमीसारखी लांबच लांब टेबलं लागली होती. तळलेली कोंबडी होती, घेवडा होता, मक्याचा पाव होता. ओफा सुक्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन धापा टाकत वर आली, आणि बघते तर तिच्या कोऱ्या जागेवर मरणाचं साल, १९५२! टीव्हीवाल्यांनी पुठ्ठ्याचे आकडे राखाडी रंगवून चिकटवले होते. त्यातला दोन जरा वाकडाच बसला होता. समोर डेल्मर, टोपी छातीशी धरून, एका गुडघ्यावर.

"ह्या कोण?" माइकवाल्या पोरीनं विचारलं.

अख्ख्या कब्रस्तानाचे कान तिकडं लागले. डेल्मरनं आईकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं पाहिलं.

"ही... माझी मावशी."

पोरगी दुसरीकडं वळताच तो आईच्या कानाशी लागला. "आई, रागावू नकोस. म्हाताऱ्या बाईला अख्खी घळ मावशीच म्हणते. मी म्हटलं तर काय बिघडलं?"

"काही नाही रे," ओफा म्हणाली. पण केक तिनं लोव्हाडाच्या हातात देऊन टाकला.

जेवणाआधी पाद्री उभा राहिला. वर्षभरात ज्यांच्या घरचं कुणी गेलं असेल त्यांनी उठून नाव घ्यायचं, मग सगळ्यांनी त्या घरच्यांचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलायचे, अशी आमची रीत. दोन-तीन नावं झाली. मग ओफा उठली.

"डेल्मर स्टिडहमची आई," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आज गेली."

"बिचारीला अजून आजच गेल्यासारखं वाटतंय!" माइकवाली डोळे पुसत कुजबुजली, आणि तिनं कॅमेरावाल्याला चालू ठेवायची खूण केली. पाद्र्यानं एकदा घसा खाकरला आणि लोकांना पुढं यायला सांगितलं. रांग लागली.

लोव्हाडानं डेल्मरचा हात धरला. "फार वाईट झालं रे. सकाळी तर चांगली धडधाकट होती."

म्हातारा एन्सिल म्हणाला, "तू नऊ वर्षांचा होतास म्हणे. मग दहाव्या वर्षी माझी कलिंगडं चोरलीस तेव्हा तुला झाडूनं कुणी बडवलं रे?"

त्याची बायको म्हणाली, "जाताना त्रास नाही ना झाला तिला? बघ बाबा, तूच होतास जवळ."

कॅमेरा चालू, त्यामुळे डेल्मरला हात सोडवता येईना. एकेक जण आला, मान खाली घालून बोलला, आणि पुढं जाऊन कोंबडीला भिडला. हसला मात्र एकही नाही.

शेवटी ओफा आली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"चांगली बाई होती रे. तुझं सगळं पोटात घालायची."

डेल्मरचं तोंड वेडंवाकडं झालं, नाक वाहायला लागलं. असलं रडू त्याला तिसऱ्या कडव्याला कधी आलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला.

"मावशी म्हण," ओफा म्हणाली. "कॅमेरा चालू आहे."