तीन कुलपांचा पिंजरा

लिफ्टमनची बायको गेली तेव्हा तिच्यामागे एक नवरा, एक मुलगा, एक सून आणि लाकडी कपाटभर उंदीर राहिले. नवऱ्याचं आता काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. उंदरांचं काय, हा मात्र सगळ्यांना पडला. सांत्वनाला आलेली माणसं चपला काढता काढताच विचारत, "मग, त्यांचं काय ठरलं?"

हे गटारातले उंदीर नव्हते. कुणी पांढरा, कुणी मातकट, कुणी साईच्या रंगाचा आणि पाठीवर शाई सांडल्यासारखा डाग. बाई त्यांची पैदास करायची. घरी पाळायला म्हणून लोक पिल्लं घेऊन जात. जाताना बाई त्यांना इतक्या सूचना द्यायची, की मुलगी सासरी धाडताना कुणी देत नसेल. बाजारामागचा सापवालाही अधूनमधून यायचा. त्याला सापांच्या खाण्यासाठी उंदीर हवे असत. बाई त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावायची. "तुमच्या सापाला सांगा, आज उपास आहे."

त्या सगळ्यांत एक मादी तिची लाडकी. साईच्या रंगाची, एक कान कुरतडलेला. नाव 'मालकीण'. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात लिफ्टमन उशाशी बसला होता, तेव्हा बाईनं डोळे उघडून विचारलं होतं, "मालकीण गाभण राहिली का हो?" लिफ्टमनला उंदरातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो "हो" म्हणाला. बाईला बरं वाटलं. आणि गंमत अशी, की ती खरंच गाभण होती.

लिफ्टमननं सगळी नोकरी जाळीच्या दारामागे स्टुलावर बसून काढली होती. लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं. घरी आलं की बायको कपाटासमोर बसलेली. ती दाण्याच्या डब्यावर नखानं टकटक करायची, की सगळ्या खणांतून मिशा बाहेर. ती गेल्यावर टकटक त्यानं सुरू ठेवली. पहिले दोन दिवस उंदरांनी त्याच्याकडे, चुकीच्या मजल्यावर उतरवल्यासारखं पाहिलं. मग येऊ लागले.

पण कपाट लाकडी. वर्षानुवर्षं ओल पिऊन त्याचा खालचा कोपरा भुसभुशीत झालेला. बाई रोज हात फिरवून बघायची, काही कुरतडलं की पत्रा ठोकायची. लिफ्टमनला हात फिरवायचं सुचलं नाही. एका सकाळी सुनेनं कामावर जायला बुटात पाय घातला आणि बूट आतून हलला.

सून औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर लोकांचं खोकणं ऐकून तिच्या बोलण्यातली साखर संपली होती. तिनं बूट उपडा केला, उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून कपाटात टाकला आणि म्हणाली, "बाबा, आईंचं आहे म्हणून मी आजवर शब्द काढला नाही. अजूनही ठेवा. पण पक्कं घर करा त्यांना. पुन्हा एक जरी घरात मोकळा दिसला, तर सगळी वरात सापवाल्याकडे. मालकिणीसकट."

लिफ्टमननं मुलाकडे पाहिलं. मुलगा ज्याचं शेवटी ऐकेल त्याच्या बाजूचा. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला.

सापवाल्याची काचेची पेटी लिफ्टमननं एकदा पाहिली होती. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पक्कं घर म्हणजे कसलं, हे त्याला माहीत नव्हतं. मादी विणीला आली की बाई तिला आतल्या खोलीत न्यायची आणि दार लोटून घ्यायची. "इथं पुरुषांचं काय काम?" म्हणायची. त्यामुळे विणीची मादी कशात ठेवायची, हे सोडून बाकी सगळं त्यानं पाहिलं होतं. शेवटी त्यानं बायकोच्या माणसांना बोलावलं. चूक तिथंच झाली.

मेहुणा खिडक्यांच्या ग्रिल बनवायचा. गावातल्या निम्म्या खिडक्या त्याच्या. साडू निवृत्त जेलर. निवृत्त फक्त कागदावर. कुणाच्याही घरी गेला तरी आधी कड्या तपासायचा. दोघं समोरासमोर बसले आणि लिफ्टमनला आपण बैठकीत चहा देणारे आहोत असं वाटायला लागलं.

"प्रश्न सोपा आहे," जेलर म्हणाला. "नर वेगळे, माद्या वेगळ्या. सकाळ-संध्याकाळ हजेरी. आणि कुलूप. माणूस असो की उंदीर, पळतो तो कुलपातून."

"उंदीर कुलपातून कसा पळेल, काका?" सून आतून म्हणाली.

"तुला अनुभव नाही, बाळ."

मेहुण्यानं टेप काढला. "दाजी, लाकूडबिकूड विसरा. लोखंड. तीन मजली. मध्ये जिने. ताईचं आहे, साधं करायचं नाही."

"तीन मजले कशाला रे? गाभण आहे ती," लिफ्टमन म्हणाला.

"म्हणूनच तर! हवा पाहिजे वरच्या मजल्यावर. तुम्हाला लिफ्टमध्ये बसून बसून हवेची किंमत नाही."

"आणि ते अंग चोरून बारक्या फटीतून..."

"दाजी," मेहुण्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, "माझ्या ग्रिलमधून आजवर एक चोर आत गेलेला नाही. पैज लावा. हातसुद्धा शिरत नाही."

चोरांचा विषय निघाला की जेलर मान डोलवायचा, आणि दोन माणसं एकदम मान डोलवायला लागली की तिसऱ्याला आपण मूर्ख आहोत असं वाटतं. लिफ्टमननं चहाचे कप उचलले. सून आत भांडी जरा जोरात घासत होती.

पिंजरा आला तो टेम्पोतून. चार माणसांनी उचलून आत आणला. दारातून जाईना म्हणून दार काढलं. हिरवा ऑइलपेंट, चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर मधोमध लोखंडी कमळ. कमळाशी मेहुणा जरा थांबला. त्यानं त्यावरून फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं. "लहानपणी ताई पाटीवर हेच काढायची," म्हणाला, आणि फडक्यानंच नाक पुसलं. त्याच क्षणी लिफ्टमननं ठरवलं, की या पिंजऱ्याला आपल्या तोंडून वाईट म्हणायचं नाही.

जेलरनं तीन कुलपं आणली होती. एक किल्ली स्वतःकडे, एक मेहुण्याकडे, एक लिफ्टमनकडे.

"काका, मग दाणे कसे टाकायचे? तिघं एकत्र आल्याशिवाय उंदरांनी जेवायचं नाही का?" सुनेनं विचारलं.

जेलर विचारात पडला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कैद्यांच्या जेवणाचा विचार त्याला करावा लागला नव्हता. "दाणे गजांतून टाका," तो म्हणाला.

"गजांतून? म्हणजे हात शिरतो ना आत?"

"अगं, चोराचा शिरत नाही," मेहुणा म्हणाला. "घरच्या माणसाचा शिरेल."

उंदीर आत सोडले. नव्या रंगाच्या वासानं ते भेदरून वरच्या मजल्यावर एकमेकांवर दाटीवाटीनं बसले. मालकीण सगळ्यात शेवटी, पोट सांभाळत जिना चढली. तीन कुलपं लागली. जेलरनं प्रत्येक ओढून पाहिलं. मेहुण्यानं फोटो काढला. "हूं चूं नाही," जेलर खूश होऊन म्हणाला. "शिस्त अशी अंगात येते." चहा झाला, पाहुणे गेले.

टेम्पोचा आवाज वळणावर विरला असेल-नसेल, वरच्या मजल्यावरून एक पांढरा नर उठला. जिना उतरला. दाराशी आला, कुलपांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि दोन गजांमधून सरळ बाहेर पडला. घाई नाही, धडपड नाही. मागून दुसरा. मग तिसरा. कचेरी सुटल्यावर लोक लिफ्टमधून उतरतात तसे सगळे एकामागून एक उतरले. लिफ्टमननं सवयीनं बाजूला होऊन वाट दिली.

तेवढ्यात सून केस बांधत बाहेर आली.

"अगं बाई," ती म्हणाली. पिंजऱ्यापाशी जाऊन तिनं आपली मूठ गजांतून आत घातली, बाहेर काढली. "मामांनी चोर आत येऊ नये म्हणून बांधलंय बाबा. हे तर आधीच आत होते!"

लिफ्टमननं दाण्याचा डबा घेतला. खोलीच्या मधोमध जमिनीवर बसला आणि नखानं टकटक करायला लागला. ताल बायकोचाच होता. सोफ्याखालून एक आला. पडद्यावरून एक उतरला. सून एकेकाला उचलत होती आणि ठेवायला जागा नाही म्हणून न्हाणीघरातल्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपात सोडत होती. सगळे आले.

मालकीण आली नाही.

रात्र चढली तरी लिफ्टमन टकटक करत राहिला. सून मधल्या वेळात पिंपात डोकावली. आतले उंदीर उड्या मारत होते आणि गुळगुळीत भिंतीवरून घसरून पुन्हा खाली येत होते. दातांना धरायला कड नाही, नखांना खाच नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, पुरे आता."

"येईल ती. ऐकते ती."

"बाबा."

तो थांबला. डबा बाजूला ठेवला. "तुझी अट होती," तो म्हणाला. "तू काही वावगं सांगितलं नव्हतंस. उद्या बोलावतो सापवाल्याला. फक्त आधी मालकीण सापडू दे. ती मांजराच्या तोंडी जायला नको." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "गाभण राहिली का, एवढंच विचारलं तुझ्या सासूनं शेवटी. माझं काही विचारलं नाही."

हवेत गारठा होता. पांघरुणं काढायला सून आपल्या खोलीत गेली. पलंगाखाली तिची मोठी प्लास्टिकची पेटी होती, वर क्लिपांचं झाकण. एका कोपऱ्याची क्लिप कधीच तुटलेली, म्हणून झाकण तिथं जरा वर राहायचं. तिनं पेटी ओढली, झाकण उघडलं आणि तशीच बसून राहिली.

"बाबा, इकडे या. पाय वाजवू नका."

पेटीत सुनेच्या माहेरच्या पांघरुणाच्या चिंध्या झाल्या होत्या. चिंध्यांचं गोल घरटं. घरट्यात मालकीण, आणि तिच्या पोटाशी बोटाच्या पेरांएवढी गुलाबी पिल्लं. तिनं मान वर करून दोघांकडे पाहिलं, आणि 'इथं पुरुषांचं काय काम' अशा चेहऱ्यानं पुन्हा चाटायला लागली.

"आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं," सून हळूच म्हणाली. "इथं तर उंदीरच नागोबा झालाय."

"नवीन आणून देतो मी तुला पांघरूण."

"माझ्या आईनं शिवलेलं नवीन कुठून आणणार?" ती म्हणाली.

"सकाळी सापवाल्याला..."

"गप्प बसा हो बाबा! बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का?" तिनं झाकण अलगद टेकवलं. "बघा जरा. भिंती गुळगुळीत, कुरतडायला काही नाही. अंधार आहे, ऊब आहे. एकच मजला, म्हणजे पिल्लं कुठून पडायची भीती नाही. दोन मोठे पुरुष टेप घेऊन आठवडाभर डोकं खाजवत होते. हिनं एका फेरीत घर पसंत केलं. फक्त क्लिप तुटकी नको आणि हवेला जाळी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून येताना तशाच मोठ्या पेट्या घेऊन आली. मुलानं सुरी तापवून झाकणांना आणि बाजूंना खिडक्या कापल्या. करंगळीचं टोकही जाणार नाही अशी बारीक पोलादी जाळी आणून लिफ्टमननं ती नट-बोल्टनं बसवली. नर एकीत, माद्या दुसरीत, मालकीण पिल्लांसह तिच्याच पेटीत, नव्या क्लिपेसह. झाकण लावलं की सून चारी क्लिपा दाबून बघायची. लिफ्टमनला ते आवडलं. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही, हे तो आयुष्यभर पाळत आला होता.

"आणि पिंजरा?" मुलानं विचारलं. "मामाला सांगायला हवं."

"खबरदार सांगितलंस तर," सून म्हणाली. "दुसरा बांधून आणतील."

लिफ्टमनला कमळ आठवलं. "राहू दे," तो म्हणाला.

तेव्हा पिंजरा बाहेरच्या खोलीत राहिला. त्यावर जुनी चादर टाकली, फक्त वरचं कमळ दिसेल अशी. मेहुणा येतो तेव्हा त्यावरून हात फिरवतो, आणि दाजी किती नीट ठेवतात म्हणून बहिणीच्या आठवणीनं हळवा होतो. जेलर तर नेमानं येतो. चादर उचलायची नाही, उंदरांना उजेड सोसत नाही, असं त्याला सांगितलंय. त्याला ते पटलं. कैदी बघायची सवय त्याला कधी नव्हतीच. तो कुलपं बघतो. तिन्ही एकेक करून ओढतो, आणि दर खेपेला आरामखुर्चीत टेकत विचारतो, "बघा साडूभाऊ, इतके दिवस झाले. एक तरी पळाला?"

"एकही नाही," लिफ्टमन म्हणतो.

"याला म्हणतात बंदोबस्त."

परवा तो असं म्हणत असतानाच आतल्या खोलीतून डब्यावर नखाची टकटक ऐकू आली. सून कामावरून लवकर आली होती. ताल अजून तिला नीट जमत नव्हता. शेवटचा ठोका घाईनं पडत होता.

"हा कसला आवाज?" जेलरनं कान टवकारले.

लिफ्टमन उठला. "काही नाही, बसा तुम्ही," तो म्हणाला. "तिला जरा दाखवून येतो." आणि आत जाऊन त्यानं दार लोटून घेतलं.