सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. मी स्वतः तिथे हजर होतो, तरी माझाच अजून पुरता बसलेला नाही!" असं म्हणून लिफ्टकाकांनी चहाचा मोठा घोट घेतला आणि अकराव्या मजल्यावर निरोपाला जमलेल्या दहा-बाराजणांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

काकांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस. एकतीस वर्षं त्यांनी या कचेरीची लिफ्ट वर नेली आणि खाली आणली, आणि तेवढ्या वेळात जगात कुठे घडल्या नसतील इतक्या गोष्टी त्यांच्या लिफ्टमध्ये घडल्या. एकदा चौथ्या आणि पाचव्या मजल्यादरम्यान एक बाई बाळंत झाली, आणि तीही जुळी बाळं. एकदा दोरी तुटली तेव्हा काकांनी लिफ्ट नुसत्या हातांनी तोलून धरली. सोमवारपासून बटणांची नवी लिफ्ट येणार होती. ती झटपट वर जाणार होती खरी, पण थापा मारणार नव्हती.

"काका, जुळी बाळं झाली. आता तिळी का?" टायपिस्ट पोरगी म्हणाली.

"थट्टा करू नकोस. आज बारा वर्षांपूर्वीची खरी गोष्ट सांगतोय. साक्षीदार इथेच बसलाय." काकांनी दाराजवळच्या खुर्चीकडे बोट केलं.

तिथे सफाईवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"तेव्हा लिफ्टच्या दाराशी पाटी होती. हेडक्लार्कसाहेब, आठवते ना?"

"सफाई कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा," हेडक्लार्क पाठ म्हटल्यासारखं म्हणाले. कचेरीतला प्रत्येक नियम त्यांना तोंडपाठ होता आणि दोन मिनिटं उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल फुली मारताना त्यांचा हात कधी कापला नव्हता.

का वापरावा, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. मजा अशी, की रोज सकाळी ती लिफ्ट पुसायच्या त्या मावशीच. गुडघ्यांवर बसून तिची फरशी लख्ख करायची, बाहेर यायचं, बादली उचलायची आणि जिना चढायचा. पुढे त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजली. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. जिने बंद म्हणजे नोकरी बंद, नोकरी बंद म्हणजे चूल बंद. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मुलगी शाळेत. लिफ्टने जाऊ द्यावं म्हणून मावशींनी तीन अर्ज केले. तिन्ही मोठ्या साहेबांच्या टेबलावर कुठल्याशा गठ्ठ्यात गडप झाले. "येत्या महिन्यापासून नाही यायची मी, दादा," असं त्यांनी एके सकाळी काकांना सांगितलं होतं, तेही हसत. ते हसणं काकांना दिवसभर टोचत राहिलं. एकतीस वर्षांत लोकांनी त्यांना मजल्यांचे आकडे सांगितले होते. 'जेवलात का' हे विचारणारी ही एकच बाई होती.

"तर त्या दिवशी मोठे साहेब तासभर आधीच आले," काका सांगू लागले. "घाईत होते. मावशी आत फरशी पुसतायत हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आत शिरले, म्हणाले, 'अकरा.' मी दार ओढलं, लिफ्ट निघाली. आणि सहाव्या आणि सातव्याच्या मधोमध काय झालं?"

"दोरी तुटली," टायपिस्ट म्हणाली.

"बंद पडली! खट्‌कन! दिवा गेला, पंखा गेला. दाराच्या जाळीतून येईल तेवढाच उजेड. दोन तास!"

"मघाशी चहा ओतताना एक तास म्हणाला होतात."

"तेवढ्या उजेडात घड्याळ कोण बघतं? आणि साहेबांचं काय झालं म्हणता! साहेबांना बंद जागेचं भय. वाघासारखा माणूस, ज्याच्या नुसत्या खोकल्यानं कचेरी उठून उभी राहायची, तो भिंतीला टेकून 'मला बाहेर काढा, मला बाहेर काढा' करायला लागला. श्वास लागला. मी तर आधीच गारठलेलो. तोंडातून शब्द फुटेना. मग या उठल्या. बादली पालथी घातली आणि म्हणाल्या, 'बसा साहेब.' आणि साहेब बसले! बादलीवर!"

खोलीत हशा पिकला. काका थांबले, हशा ओसरू दिला. हे काम त्यांना लिफ्ट चालवण्याइतकंच सफाईनं जमायचं.

"साहेबांचा श्वास काही खाली बसेना. तेव्हा या म्हणाल्या, 'डोळे मिटा साहेब. आपण लिफ्टमध्ये नाहीच. आपण जिन्यानं चाललोय, उघड्या हवेत. चला, पहिली पायरी.' आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. 'तिसरीची कड फुटलीय, जपून.' मजल्याला बावीस पायऱ्या, सगळ्या यांच्या ओळखीच्या. 'इथं खिडकी आहे, वारा घ्या. इथं कुणीतरी रोज थुंकतं, कठड्याला हात लावू नका. आता बादली डाव्या हातात घ्या, उजवा भरून आला असेल.' आणि साहेबांनी खरंच हात बदलला! रिकामा हात! चौथ्या मजल्यावर साहेबांना घाम फुटला. पाचव्यावर गुडघा धरला. सहाव्यावर म्हणतात, 'थांबा बाई, जरा थांबा. दमलो.' तर या म्हणाल्या, 'थांबा की. मी पण इथंच बसते रोज.'"

कुणी हसलं नाही. टायपिस्टनं हातातला कप तसाच धरला होता.

"साहेबांनी डोळे उघडले. श्वास जाग्यावर आला होता. मग विचारलं, 'अजून किती आहे?' 'पाच मजले, साहेब. एकशे दहा पायऱ्या.' 'आणि हे तुम्ही किती वेळा?' 'दिवसातनं चारदा. तसं लिहिलंय की अर्जात.' 'कुठला अर्ज?' 'तुमच्याच टेबलावर आहेत. तीन.' एवढं बोलणं झालं आणि लिफ्ट सुरू! आपोआप! दिवा लागला, पंखा फिरला. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत खालची पाटी गायब. नुसती खिळ्यांची भोकं."

"दुरुस्तीवाला आला होता ना?" हेडक्लार्कांनी विचारलं. "त्यानं तर लिहून दिलं होतं, बिघाड काहीच नाही."

"यंत्राच्या मनातलं त्याला काय कळणार?"

"ते असो," टायपिस्ट म्हणाली. "पण काका, तुमच्या सगळ्या गोष्टींत तुम्ही शूर. दोरी तुम्ही धरता, बाळंतपण तुम्ही करता. आणि या गोष्टीत तुम्ही केलंत काय? काहीच नाही! नुसते थरथरत उभे!"

"काहीच नाही," काका अगदी खुशीत म्हणाले. "घाबरलो होतो हो. जे केलं ते मावशींनी."

मावशींनी कप खाली ठेवला.

"खोटं," त्या म्हणाल्या.

सगळे वळले. काकांनी घाईघाईनं बिस्किटाची बशी पुढे केली. "मावशी, बिस्कीट घ्या."

"नको मला बिस्कीट. दादा, लिफ्ट बंद पडलीच नव्हती. तुम्ही बंद केली. लिफ्टची चावी फिरवलीत आणि खिशात टाकलीत. मी खाली बसले होते ना फरशी पुसत, तुमचा हात माझ्या डोळ्यासमोरच होता. आणि साहेब 'कुठला अर्ज' म्हणाले, तशी खिशातून काढून परत लावलीत." त्यांचा आवाज थोडा चढला होता. "त्या चावीवर बारा वर्षं मी वर आले. माझी पोरगी शिकली. रोज आभार मानावेसे वाटायचे, पण तोंड उघडलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. आज सहाला सुटली ना नोकरी? मग आता कुणाला भ्यायचं?"

काकांनी बिस्किटाची बशी खाली ठेवली. त्यांनी आधी हेडक्लार्कांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "सहाला अजून दहा मिनिटं आहेत."

हेडक्लार्क उठले. खुर्ची भिंतीशी ओढून तिच्यावर चढले आणि त्यांनी बोटानं मोठा काटा बारावर आणून ठेवला.