परत आलेली हळद

“मावशी, हळदीकुंकू लावल्याबिगर एकबी पोतं गाडीत चढवायचं न्हाई. आन येताना लाल काठाचं लुगडं नेसून ये.”

योगीराजचा तो हुकूम पंचफुलाच्या कानात अजून जसाच्या तसा होता. आणि आज झरीच्या गोदामात तीच पोती तिच्यासमोर परत येऊन पडली होती. समुद्रापार जाऊन आलेली हळद. गोणपाटाला कुबट वास सुटलेला, आणि तिच्या बोटांनी ओढलेले कुंकवाचे पट्टे ओघळून, फुटून, आतपर्यंत मुरलेले.

योगीराज तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शहरात शिकून आला, बायकांची बिनफवारणीची हळद परदेशी पाठवायची म्हणून कंपनी काढली आणि गावोगाव माल गोळा करायला पुढं केलं ते मावशीला. उपासतापास सांभाळणारी, कुणाला अर्धा शब्द न बोलणारी बाई. तिच्या भरवशावर झरी-बोरीच्या बायकांनी फवारणी सोडली, कंबर मोडेस्तोवर हातानं तण काढलं.

पहिली खेप झरीची गेली, बोरीचा माल अजून उचलायचा होता. आता तो त्यातल्याच झरीच्या बायकांना समजावून सांगत होता. तिकडच्या बंदरावर माल तपासला, हळदीत खाण्यात न चालणारा लाल रंग सापडला, म्हणून सगळाच्या सगळा नाकारला. तिकडचे कायदे लय कडक, कणभर चुकलं तरी दार बंद. मग हळदीत रंग आला कुठून, असं मागून कुणीतरी विचारलं. योगीराजनं मावशीकडं पाहिलं नाही. पोत्यांकडं हात केला.

“बायामान्सांची भाबडी श्रद्धा. मी कुनाकुनाचा हात धरू?”

दोघीतिघींनी पंचफुलाकडं पाहिलं आणि नजरा खाली घातल्या.

गाडी भरायच्या दिवशी तिनं आपलं कुंकू नेलं होतं. हळकुंडांना लिंबाचा रस पाजून घरी केलेलं, देवीला वाहते तेच. योगीराज ते बघून हसला होता. हे फिकं, फोटोत दिसायचं नाही म्हणाला, आणि खिशातून बाजारातल्या लालभडक कुंकवाचा पुडा काढला. कालवून ठळक लाव, असंही त्यानंच सांगितलं. शेजारच्या कुसुमबाईनं तेवढं म्हटलं होतं, आमी बौद्ध, माह्या पोत्यायला नको. पंचफुलानं तिची पोती तशीच कोरी ठेवली. पण माल एकाच खेपेतला, म्हणून तीही नाकारली गेली.

बायका पांगल्यावर ती गोदामामागं त्याच्यापाशी गेली.

“योगी, रंग चालत न्हाई हे तुला आधी ठाव व्हतं का?”

तो मोबाइल चाळत राहिला. मग हळूच बोलला, की घेणाऱ्यांनी कळवलं होतं, पोत्याला काही लावू नका म्हणून. पण वरून लावल्यानं काय होतंय असं त्याला वाटलं. तिकडच्या लोकांना असले फोटो आवडतात.

“मंग मघाशी बायांपुढं आसं काहून बोल्लास?”

“माह्यावर घेतलं तर उद्या बोरीत नवी हळद कोन देईल मला? आन तुला कोन काय म्हनतंय मावशी. तू देवाची बाई.”

रोज संध्याकाळी दिवा लावताना ती ज्यांच्यासाठी हात जोडी, त्यांत त्याचं नाव पहिलं असे. ती घराच्या वाटेला वळली.

वाटेत कुसुमबाई तिच्या बरोबरीनं चालत होती.

“अक्का, तुमच्या देवाचं तुमी बघा,” कुसुमबाई म्हणाली. “माही धम्मशीला बोरीत दिलेली हाय. उद्या तिच्या दारात योगीराजची गाडी लागल. तिला कोन सांगनार?”

सांगायचं म्हणजे पुडा कुणी दिला ते सांगावं लागणार, आणि कुंकू कुणाच्या हातानं लागलं तेही. बोरीच्या बायका दोघांनाही दारात उभं करणार नाहीत. बहिणीचा उंबरा तर कायमचा बंद.

“मी सांगते,” पंचफुला म्हणाली. “आजच. दिवस मावळायच्या आत.”

“माह्या लेकीला एकटीला न्हाई.”

“सगळ्यायला.”

गुरुवारचा उपवास होता. घरी जाऊन ती तांब्याभर पाणी प्यायली, देव्हाऱ्यापुढं क्षणभर उभी राहिली आणि काही न मागता बाहेर पडली. फाट्यावर बाभळीच्या विरळ सावलीत उभी होती, तोच योगीराजची जीप येऊन शेजारी थांबली. ऊन लय हाय, बस, सोडतो म्हणाला. कुठं निघालीस?

“बोरीला.”

त्याचा हात स्टेअरिंगवरच राहिला. बोरीला तुझं काय काम, त्यानं विचारलं. मग आवाज उतरवून, मावशी, आसं करू नको, म्हणाला.

पंचफुलानं डोक्यावरचा पदर नीट केला. परभणीकडून बोरीला जाणारी एसटी येताना दिसली, तशी ती जीपला वळसा घालून पुढं झाली आणि हात केला.