झबलं घातलेला कालथा

मी एक लाकडी कालथा बोलतोय. तुमच्याही स्वयंपाकघरात माझा एखादा भाऊबंद असेल, चमच्यांच्या गर्दीत उभा, एका कडेनं जळलेला. पण त्याच्यात आणि माझ्यात एक फरक आहे. तो उघडा असतो, मला कपडे आहेत. तेही एक-दोन नाहीत. धुणं वाळत घातलं की घरातल्या शर्टांच्या शेजारी माझी झबली वाऱ्यावर डुलत असतात. समोर नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा तिथल्या बाई बाळाला बघायला म्हणून आल्या होत्या. त्यांना माझ्यासमोर उभं केलं, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

माझं घराणं काही मोठं नाही. सुतारानं मला खुर्चीचा पाय करायला घेतलं होतं. अर्ध्या कामात लाकडाला गाठ निघाली, त्यानं तोंड वाकडं केलं आणि मला बाजूला फेकलं. उरल्यासुरल्या तुकड्यांचे तो चमचे आणि कालथे करायचा, तसा मी झालो. खुर्चीचा पाय झालो असतो तर जन्मभर टेबलाखाली राहून लोकांचे बूट बघत बसलो असतो. होतं ते बऱ्यासाठीच होतं.

पुढे माझा मुक्काम भांड्यांच्या दुकानात, दाराजवळच्या टोपलीत पडला. आत काचेच्या कपाटात चकचकीत कढया आणि डब्यातल्या सुऱ्या असत, आम्ही बाहेर धूळ खात. येणारं गिऱ्हाईक मला उचलायचं, तळहातावर एक फटका मारून बघायचं, बायको असेल तर शेजारी उभ्या नवऱ्याकडे सूचक नजर टाकायची आणि मला परत ठेवायची. माणसांना कालथा बघून स्वयंपाकाआधी मारामारी का आठवते, हे मला अजून कळलेलं नाही.

एके दिवशी गळ्यात शिवणाची टेप अडकवलेल्या एक बाई आल्या. त्या कपडे शिवायच्या, आणि आंघोळ सोडली तर टेप कधी गळ्यातून काढायच्या नाहीत, म्हणून सगळे त्यांना टेपबाई म्हणत. त्यांच्या मैत्रिणीची साठी होती आणि तिला काहीतरी द्यायचं होतं. दुकानदारानं काचेचं कपाट उघडलं. टेपबाई कढईची किंमत विचारायच्या, ती ऐकली की एकदम झाकणाची फार चौकशी करायच्या, आणि मग पुढच्या वस्तूकडे वळायच्या. तयार कपड्यांची दुकानं निघाल्यापासून त्यांच्याकडे लोक फक्त आखूड नाहीतर सैल करायला येत. कढई काही त्यांच्या खिशाला झेपणार नव्हती.

शेवटी त्या टोपलीशी आल्या. मला उचललं, पण फटका मारला नाही. माझ्या दांड्याभोवती मूठ वळवली आणि याहून जाड दांड्याचा आहे का, असं विचारलं. नव्हता. मग त्यांनी दुकानदाराला सगळं सांगितलं. मैत्रीण टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेली, म्हणून तिचं नाव हॅलोमावशी पडलेलं. स्वयंपाक म्हणजे तिचा जीव. दिवसभर लोकांचे फोन जोडून घरी आली की थकवा घालवायला चूल पेटवायची. पण आता बोटांचे सांधे सुजले होते, मूठ मिटत नव्हती, बारीक दांडा हातात टिकत नव्हता. थंडीत एकदा भांडं हातून निसटलं, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नव्हती. कुणी विचारलं की हसून म्हणायची, "झालं गं करून."

"मग स्वयंपाकाचं कशाला देता?" दुकानदार म्हणाला. "गरम पायमोजे द्या."

"हात दुखतोय तिचा," टेपबाई म्हणाल्या. "जीभ ठणठणीत आहे. बांधा हा."

अशा रीतीनं मी रद्दी कागदात गुंडाळून त्यांच्या घरी गेलो. तिथे माझ्या अंगावर काय काय होणार होतं याची मला कल्पना नव्हती. टेपबाईंचा एकच सिद्धान्त होता. तयार वस्तू कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही, ती बसवून घ्यावी लागते. दांडा जाड मिळत नाही ना, मग त्याला कापूस भरून खोळ शिवायची.

पण माप? मैत्रिणीच्या मुठीला टेप लावली असती तर तिला लगेच संशय आला असता. मग टेपबाई एका दुपारी डब्यात भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊन तिच्याकडे गेल्या आणि घट्ट झालीय की सैल, तूच दाबून सांग, म्हणाल्या. हॅलोमावशींनी नाइलाजानं गोळा हातात घेतला, जमेल तेवढा दाबला आणि कणीक भयंकर झाली आहे असं सांगितलं. त्या शिव्या खाऊन टेपबाई मुठीचा ठसा सांभाळत आनंदानं घरी आल्या. त्याच ठशावरून त्यांनी माझं माप काढलं. खडूनं माझ्या अंगावर खुणा केल्या, टाचण्या टोचल्या, दोनदा उसवलं.

आणि काय शिवलं म्हणता? लाल मखमल. नाटकमंडळींचा पडदा शिवून उरलेला तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. वर सोनेरी काठ. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नाही. टोपलीतल्या भावांनी पाहिलं असतं तर जळून कोळसा झाले असते.

वाढदिवसाच्या संध्याकाळी टेपबाई मला घेऊन निघाल्या खऱ्या, पण त्या घरात शिरल्यावर त्यांचं अवसान गळालं. टेबलावर मुलानं आणि सुनेनं आणलेलं मोठं यंत्र होतं. ते कापायचं, दळायचं, ढवळायचं आणि काम झालं की शिट्टी वाजवायचं. टेपबाईंनी मला पिशवीत खाली ढकललं. परत घेऊन जावं, असा त्यांचा विचार चाललाय हे मला पिशवीतही कळलं. मी मनात म्हटलं, बाई, एवढं नटवून आणलंत आणि आता लाजता?

पण सून चौकस. तिनं पिशवी बघितली, मला बाहेर काढलं, आणि बैठकीत हशा पिकला. कालथ्याला झबलं, असं कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून माझ्या पोशाखाला तेच नाव पडलं. टेपबाईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

हॅलोमावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतलं. सुजलेली बोटं माझ्याभोवती वळली आणि, काय सांगू, बरोबर बसली. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. सगळी मंडळी मागोमाग. कढईत सुनेनं कांदा परतायला टाकलेला होता. मावशींनी मला आत घातलं, एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. मी हवेत होतो. तिसऱ्यांदा वाफेनं आणि तेलकट हातानं मखमल बुळबुळीत झाली. मी मुठीतल्या मुठीत गर्रकन फिरलो, निसटलो आणि कांद्यासकट जमिनीवर आपटलो.

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग टेपबाईंकडे बघून हसल्या. तेच हसू.

"झालं गं करून," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात एवढा शरमलो नव्हतो. माझ्या सोनेरी काठाला तेल आणि कांदा लागला होता, आणि माझ्यापायी एका बाईनं शेवटचं दार लावून घेतलं होतं.

टेपबाई खाली वाकल्या. त्यांनी मला उचललं, झबल्यावरून अंगठा फिरवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "तुझी नाही, माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी याला बैठकीत मिरवायला शिवलं. कामाला जाणाऱ्याला कुणी मखमल घालतं का?"

मग त्यांनी कुणाला न विचारता खुंटीवरचं हात पुसायचं जाडंभरडं फडकं ओढलं. सुई त्यांच्या कॉलरमध्ये कायम टोचलेली असायचीच. सुनेकडून कात्री घेतली आणि तिथेच स्टुलावर बसून माझी मखमल टराटरा उसवली. कापूस तोच ठेवला, वर फडकं चढवलं. "हात दे," त्या मैत्रिणीला म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढून सगळ्यांसमोर तिची मूठ मोजली. मावशी नको नको म्हणत होत्या, टेपबाई दातांनी दोरा तोडत होत्या. पाहुणे केक कापायचा विसरून दारात उभे होते. सुनेनं तोवर दुसरा कांदा चिरून कढईत टाकला. झबलं ओबडधोबड झालं, टाके वाकडे आले. तेवढे वाकडे टाके त्या बाईंनी पुन्हा कधी घातले नसतील.

मावशींनी मला परत धरलं. फडक्याची खरखर त्यांच्या तळव्याला चिकटून राहिली. मी कढईत उतरलो. एक फेरा, दोन, तीन. मी सुटलो नाही. मीही जीव मुठीत धरून होतो, फक्त मूठ त्यांची होती. चौथ्या फेऱ्याला मावशींनी मान वर केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गॅस एवढा मोठा कुणी केला? कांदा करपवायचाय का? बारीक कर आधी."

कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी कुणाला कांद्यावरून बोलत होतं. सुनेनं गॅस बारीक केला आणि तिथेच सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. बोलणी खाऊन इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. टेपबाई स्टुलावर बसून कांद्यानं डोळे झोंबतात म्हणत राहिल्या. कांदा तर कधीच चिरून झाला होता.

त्याला आता बराच काळ लोटला. माझी एक कड झिजली आहे, तोंड काळवंडलंय. झबली मात्र वाढतच गेली. सकाळी बोटं जास्त आखडलेली असतात, तेव्हाचं झबलं जाड. संध्याकाळचं जरा पातळ. थंडीतलं वेगळं. जुन्या टॉवेलाचं, चादरीचं, मुलाच्या फाटक्या पँटचं, सगळी जाडीभरडी. ते शिट्टीचं यंत्रही आहे. दळतं बिचारं. आमचं भांडण नाही.

काही दिवस वाईटही असतात. त्या दिवशी बोटं अजिबात मिटत नाहीत. मग निरोप जातो आणि टेपबाई येतात. मावशींचा हात माझ्यावर, त्यांच्या हातावर टेपबाईंचा हात, असे आम्ही तिघं मिळून ढवळतो. टेपबाईंना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्या दिवशी बोलणी त्यांच्या वाट्याला येतात. त्या आनंदानं खातात, नंतर जेवणही खातात.

तुम्हीही कधी स्वयंपाकवेड्या माणसासाठी भेट घ्यायला निघालात तर माझं एक ऐका. काचेच्या कपाटाकडे नंतर बघा. आधी त्याच्या घरी जाऊन त्याचा हात बघून या. मग दाराजवळच्या टोपलीतही तुम्हाला हवं ते सापडेल. तिथे माझे भाऊ आहेत, स्वभावानं चांगले आहेत.

आता पुरे. मावशींनी कढई ठेवली आहे, टेपबाई शेजारी उभ्या आहेत आणि माझं चौकटीचं झबलं अजून ओलं आहे. त्यांनी दोरीवरची लाल मखमल चाचपून पाहिली. टेपबाईंनी नंतर ती पुन्हा जोडून दिली आहे, पण मला ती वर्षातून एकदाच, मावशींच्या वाढदिवसाला मिळते.

"टेपे, आज मखमल घालू का याला?"

"गप. कामाच्या दिवशी कामाचे कपडे," टेपबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल माझ्याभोवती गुंडाळून त्यांनी मला मैत्रिणीच्या हातात दिलं.