भेकराची जाळी

माझी थोरली नात श्रुती लग्न होऊन कळंब्याला गेली, त्या वर्षी दिवाळीनंतर मालकांनी डोंगरावरची निलगिरी विरळ केली. मालक म्हणजे अमरसिंह. राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. मी त्यांच्या सहा एकरांचा राखणदार.

निम्मी झाडं गेली आणि रान उघडं पडलं. भेकरांना दडायला जागा उरली नाही. तेव्हा माझ्या बायकोनं, तानूबाईनं, काम हातात घेतलं. मनगटाएवढ्या ऐन-जांभळांचे बुंधे ती निम्मेच कापायची आणि झाड आडवं पाडायची. एका बाजूची साल तुटू दिली नाही, तर पडलेलं झाडही पालवतं. त्यावर निलगिरीचे शेंडे टाकले, कडेनं करवंदी लावली. एका पावसाळ्यात जाळी दाट झाली. पुढच्या फाल्गुनात भेकरीण आत व्याली.

त्याच महिन्यात मालक पाहुण्यांना जागा दाखवायला आले. जाळी बघून हसले.

"भेकराला फ्लॅट बांधलास व्हय, म्हातारबा?"

"आत पाडस हाय, मालक. पावसापतोर ऱ्हाऊ द्या."

बरं म्हणून गेले. आठ दिवसांनी, मी बाजाराला गेलो असताना, त्यांनी आमच्याच गावच्या हंबीररावाला जाळी पेटवायला लावली. मला विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही.

आमच्याकडं रान पेटवण्याआधी काठ्या आपटून हाळी देतात, जनावर निघून जावं म्हणून. हंबीररावानं हाळी दिली. भेकरीण पळाली. त्याला वाटलं, झालं रिकामं. जन्म डोंगरात काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? पाडस हाळीला उठत नाही. जितका आवाज, तितकं ते जमिनीला चिकटून बसतं.

तानूबाईला कळत होतं. धूर दिसताच ती हिरवी डहाळी घेऊन धावली. थांब म्हणून हंबीरराव ओरडला म्हणे. ओरडला, पण जागचा हलला नाही. तिनं पाडस बाहेर फेकलं तेव्हा तिच्या लुगड्यानं पेट घेतला होता.

हंबीरराव अजून चावडीत सांगत फिरतो, "आमी हाळी दिलीती की." मालकांनी निरोप धाडला, म्हातारीला आत जायला कुणी सांगितलं होतं? मी राखण सोडली. त्यांच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि त्यांनी माझ्या दारात ठेवू नये.

माझी बायको तानूबाई, वय अडुसष्ट, चार दिवस तडफडून शुक्रवारी, २१ मार्च २०२५ रोजी पहाटे कोल्हापूरच्या दवाखान्यात वारली.